तीन डावी म्हणजे एक उजवं

काचबिंदूत समोरचं दिसत राहतं, बाजूचं हळूहळू जातं. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मी नुसती मान डोलावली. आमच्या घरात ते फारसं नवीन नव्हतं. ह्यांना बाजूचं पूर्वीही दिसत नसे. ओट्यावर ठेवलेली वस्तू ह्यांना पहिल्या खेपेत सापडली, असा एकही प्रसंग आमच्या संसारात मला आठवत नाही. पण डॉक्टर पुढे म्हणाले, "आणि आता गाडी चालवायची नाही," तेव्हा हे खुर्चीत हलले. रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये नोकरी केलेला इंजिनिअर माणूस. लालभडक सळ्या समोरून सळसळत जाताना कधी मागे सरकले नसतील, ते तिथे सरकले.

"रविवारचं काय?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांना नाही, मला.

रविवार म्हणजे अभनपूर. तिथे ह्यांची मोठी बहीण राहते, ह्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर ह्यांना तिनेच वाढवलं. तिचं लग्न झालं तेव्हा धाकटा भाऊ आंदणात सोबत नेला, असं त्या स्वतःच सांगतात. आता त्या एकट्या आहेत. घराचा पुढचा भाग एका शिक्षक जोडप्याला दिलाय, त्यांची सोबत असते. दर रविवारी आम्ही अकराच्या सुमारास तिथे पोचायचो. जेवण झालं की बहीणभाऊ चटईवर बसून चार वाजेपर्यंत सात-आठ खेळायचे. पत्त्यांचा हा डाव दोघांतच रंगतो. एकाने सात हात करायचे, दुसऱ्याने आठ. ताई लबाडी करायच्या, हे चिडायचे, मी कोपऱ्यात पुस्तक वाचायची. तिघांचाही आठवड्यातला सगळ्यात चांगला वेळ तोच.

डोळ्यांचं ताईंना सांगायचं नाही, असं ह्यांनी परस्पर ठरवून टाकलं. पहिल्या रविवारी फोनवर सांगितलं, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. दुसऱ्या रविवारी, नागपूरहून पार्ट यायचाय. तिसऱ्या रविवारी पलीकडून ताईंचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला, "पोट्ट्या, गाडी दुरुस्त करून राह्यले का नवीन बनवून राह्यले?"

ड्रायव्हर ठेवून पाहिला. एकामागून एक दोघं ठेवले. दोघांनाही ह्यांनी रस्ताभर गाडी शिकवली, आणि दोघंही पुढच्या रविवारी आजारी पडले. मग एकदा बसने गेलो. उतरताना दाराशेजारचा दांडा ह्यांना दिसला नाही. कपाळावर टेंगूळ आलं. ताईंकडे हातपाय धुऊन बाहेर आले आणि त्यांना सांगितलं, न्हाणीघराचं दार लागलं. त्यांनी हळद लावून दिली. त्यानंतर हे बसचं नाव काढेनात.

घरात माणसं दोन. एकाला गाडी येत होती पण दिसत नव्हतं, दुसरीला दिसत होतं पण येत नव्हती. दिसायला लागणं अवघड होतं, म्हणून त्रेसष्टाव्या वर्षी मी शिकायचं ठरवलं.

मी सरकारी कॉलेजात ग्रंथपाल होते. जन्मभर लोकांना "आधी वाचून घ्या" असं सांगत आले, तेव्हा मी आधी वाचून घेतलं. मोटार दुरुस्तीचं एक जुनं पुस्तक, वाहतुकीच्या नियमांची पुस्तिका आणि गाडीबरोबर आलेली, आमच्या घरात कोणीच न उघडलेली माहितीपुस्तिका. नेहमीप्रमाणे वही घातली. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. महिनाभरात क्लच कसा काम करतो, वळणावर बाहेरचं चाक जास्त का फिरतं, हे मी आकृतीसकट सांगू शकत होते. रोज संध्याकाळी हे माझी तोंडी परीक्षा घ्यायचे. एकदा पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्या दिवशी आम्ही दोघं इतके खूश होतो, की मी अजून गाडीत बसलेच नाही हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

ते लक्षात आणून दिलं शंकर नगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या मुलीने. पंचविशीची असेल. घराणं मराठी, आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी विदर्भातून इकडे आलेले. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत सांगायची, आणि क्लचला दोन्ही भाषा येत नव्हत्या. पहिल्या दिवशी मी वही घेऊन गेले. तिने ती चाळली, आकृत्या पाहिल्या आणि म्हणाली, "आंटी, इसको पीछे की सीट पे रख दो. चाहो तो बेल्ट भी लगा दो."

मी म्हटलं, "मी रविवारी दोन-तीन तास सलग येऊ का? एकदाच काय ते मन लावून होईल."

"नहीं. रोज बीस मिनट. जैसे दाँत साफ करते हो. कोई संडे को दो घंटे दाँत साफ करता है क्या?"

शिक्षणावरची बरीच जाड पुस्तकं माझ्या हातून गेली आहेत. त्यांतल्या एकातही हे इतक्या स्वच्छ शब्दांत नव्हतं. मग रोज सकाळी सहाला वीस मिनिटं. काही येत असो वा नसो, मूड असो वा नसो. गाडी बंद पडायची, मी घरी येऊन चहा करायची. दात घासल्याचा जसा कोणी अभिमान बाळगत नाही, तसा ह्याचाही बाळगायचं कारण नव्हतं. त्यामुळे ते जमत गेलं.

लायसन्स मिळालं. परीक्षेच्या मैदानात आठाचा आकडा काढायचा होता, तो काढला. तिथे समोरून कोणी येत नव्हतं. चौकात येत होतं. आमच्या स्वतःच्या गाडीतून निघाल्याच्या चौथ्या दिवशी उजवीकडे वळताना भर चौकात गाडी बंद पडली. एका बाजूने सिटी बस, दुसऱ्या बाजूने ई-रिक्षा. शंकर नगरात सल्ला द्यायला माणूस कमी पडत नाही. भाजीवाल्यापासून बँकेच्या गार्डपर्यंत सगळ्यांनी दिला. "सेकंड डालो," "न्यूट्रल करो," आणि एका गृहस्थांनी खिडकीत वाकून, "घर में कोई जेंट्स नहीं है क्या?" जेंट्स शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "है, पर मेरे को दिखता नहीं."

त्या दिवसापासून मी उजवीकडे वळणं सोडलं.

शोध तसा साधा आहे. डावीकडे वळताना कोणाची वाट अडवावी लागत नाही. आणि लागोपाठ तीनदा डावीकडे वळलं की एकदा उजवीकडे वळल्यासारखं होतं. बँक, भाजीबाजार, दाताचा दवाखाना, सगळीकडे मी डाव्या हाताने पोचू लागले. वहीत नकाशे काढले. ह्यांना तर ही कल्पना इंजिनिअर म्हणून फार आवडली. ते भिंग घेऊन बसायचे आणि माझे रस्ते सुधारून द्यायचे. "इथे दोन डावी वाचतात बघ." इतक्या गुण्यागोविंदाने आम्ही पूर्वी कधी काही केलं नव्हतं. दोघांनी मिळून एका भीतीला छान चौकट घातली, समास आखले, आणि तिला पद्धत म्हणू लागलो.

फक्त अभनपूर त्या वहीत बसेना. धमतरी रोडने सरळ जायचं इथवर ठीक होतं. पण ताईंची गल्ली रस्त्याच्या उजव्या हाताला. दुभाजकात एक फट आहे, तिथे थांबायचं आणि समोरून येणाऱ्या धानाच्या ट्रकांमधून वाट काढून उजवीकडे वळायचं. डाव्या हाताला तळं आहे. तळ्यातून तीन डावी निघत नाहीत, हे ह्यांनीही मान्य केलं.

"अजून थोडा सराव होऊ दे," मी म्हणत राहिले. हे आग्रह करत नव्हते. रविवारी दुपारी जेवण झालं की चटई टाकायचे, पत्ते पिसायचे, आणि दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळायचे. समोरची पानं उचलायला उठून पलीकडे जाऊन बसायचे.

अशाच एका रविवारी हे जरा आडवे झालेले असताना ताईंचा फोन आला. मी घेतला.

"वहिनी, खरं सांग. माहा भाऊ काहून येऊन नाही राह्यला?"

"येणार आहेत ताई. गाडीचं जरा..."

"गाडीचं नको सांगू. लागोपाठ तीन डाव हरला म्हणून रुसला का? का मी काही बोलून गेली? मले ब्याऐंशी झाले, वहिनी. किती रविवार राह्यले असतील माह्याजवळ?"

मी म्हटलं, "येतो आम्ही." कधी ते त्यांनी विचारलं नाही. बरं झालं. मला येत असलेलं एकमेव उत्तर तळ्यात जात होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात माझा सत्कार होता.

आमच्या मराठी मंडळाच्या महिला शाखेने 'शिकाल तर फुलाल' असा कार्यक्रम ठेवला होता. बाहेरगावचे एक व्याख्याते येणार होते. माझी बातमी तिथवर पोचली होती. निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे 'वयावर मात करणाऱ्या' असं छापलं होतं. मी अध्यक्षबाईंना म्हटलं, "मी फक्त लायसन्स काढलंय." त्या म्हणाल्या, "तेच तर!" शाल-श्रीफळाच्या समारंभांना मी जन्मभर मागच्या रांगेत बसून हसत आले. खुर्च्या मांडायचं काम ग्रंथालयाकडे असायचं, त्यामुळे मागची रांग हक्काची होती. तरी गेले. नको म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. बोलावणं आलं की मागच्या रांगेचं तत्त्वज्ञान कुठे जातं कोण जाणे. गेले ती अर्थात डावीकडून, आणि मंडळाच्या आवारात भिंतीकडे तोंड करून गाडी लावली.

व्याख्याते तरुण आणि उत्साही होते. गालापाशी माइक. त्यांनी आम्हाला डोळे मिटून दहा वर्षांनंतरचा आपला चेहरा पाहायला सांगितला. माझ्या शेजारच्या काकू त्यात झोपल्या. भीतीकडे पाठ फिरवू नका, रोज नवं काही शिका, शिकणारा कधी म्हातारा होत नाही. वाक्यं चुकीची नव्हती. फक्त इतकी गुळगुळीत होती, की धरायला कोपराच सापडत नव्हता. शेवटी त्यांनी माझा हात उंच धरला. "ही बघा, न थांबणारी स्त्री!" टाळ्या झाल्या. हे पहिल्या रांगेत होते आणि समोरचं दिसत असल्यामुळे तेही टाळ्या वाजवत होते.

बाहेर आलो तर व्याख्यात्यांची गाडी माझ्या गाडीमुळे अडलेली. त्यांना विमान गाठायचं होतं. चौकीदार म्हणाला, "मॅडम, थोडा पीछे ले लो."

मागे घेणं त्या मुलीने मला शिकवलं होतं. मी शिकले नव्हते. जाईन तिथून पुढेच निघता येईल अशी जागा मी नेहमी शोधायची; त्या दिवशी समारंभाच्या गडबडीत ते राहून गेलं. मी गिअर टाकला, गाडी वीतभर पुढे गेली आणि मंडळाची शेवंतीची कुंडी फुटली. पुन्हा टाकला, बंद पडली. सगळी महिला शाखा पायऱ्यांवर उभी होती. न थांबणारी स्त्री थांबलेली होती.

मी खाली उतरले आणि व्याख्यात्यांना म्हटलं, "मला मागे घेता येत नाही. तुम्ही घेता का?"

 ते आवाज खाली आणून म्हणाले, "मलाही येत नाही हो. मला गाडीच येत नाही. ड्रायव्हर असतो."

त्यांच्या ड्रायव्हरने दोन मिनिटांत दोन्ही गाड्या काढल्या. तोवर आम्ही दोघं सत्कारमूर्ती आपापले नारळ धरून शेजारी शेजारी उभे होतो. दिवसभरात तेवढा वेळ मला तो माणूस आवडला.

आम्ही घरी निघालो. मग हे म्हणाले, "व्यासपीठावर तू उजवीकडचं काही सांगितलं नाहीस."

मी म्हटलं, "तुम्ही ताईंना डोळ्यांचं सांगितलं नाहीत."

पुढची तीनही डावी वळणं आम्ही गप्प बसून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात होते. त्या मुलीला सगळं सांगितलं. वही, नकाशे, तळं, कुंडी. कुंडीला ती हसली. मग म्हणाली, "आंटी, रोज एक राइट टर्न. सिर्फ एक. फिर सीधे घर. दूसरा करने का मन हो, तो भी नहीं करना."

"आणि समोरून कोणी आलं तर? थांबेल का नाही हे कसं कळायचं? मी बघते त्यांच्याकडे, पण..."

"आदमी का मुँह मत देखो. पहिया देखो. मुँह झूठ बोलता है, पहिया नहीं बोलता."

आधी सहा वाजताचा रिकामा चौक. मग साडेसहाचा. मग आठचा, शाळेच्या बसवाला. रोज एक. हे शेजारी बसायचे, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. वहीत नकाशे बंद झाले. तारखेपुढे नुसतं 'एक' लिहायचं. दोनदा शून्य लिहावं लागलं. एकदा तर वळायचं सोडून मी सरळ गेले ती तेलीबांधा तलावापाशी जाऊन थांबले. बाकी रोज एक. चाकांकडे बघायची इतकी सवय लागली, की भाजीवालीशी बोलतानाही मी तिच्या हातगाडीच्या चाकाकडे बघत असल्याचं हे सांगतात.

मग एका शनिवारी मी ह्यांना म्हटलं, "उद्या जाऊ."  हे पत्त्यांचा जोड शर्टाच्या खिशात ठेवून झोपले.

धमतरी रोडवर गर्दी बेताची होती. सत्काराचा नारळ मागच्या सीटवर लोळत होता. खोबऱ्याच्या वड्या ताई चांगल्या करतात. अभनपूर आलं. दुभाजकातली फट आली. मी थांबले, उजवा दिवा टिकटिकू लागला. समोरून एक ट्रक, त्याच्यामागून एक ट्रॅक्टर, त्याच्यामागे आणखी एक ट्रक. पाठीमागे बस उभी राहून हॉर्न वाजवत होती. ह्यांनी वरची कडी दोन्ही हातांनी धरली होती. त्यांना ह्यातलं किती दिसत होतं मला माहीत नाही. बाजूचं तर नाहीच.  ट्रॅक्टर गेला. दुसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर माझ्याकडे बघून काहीतरी हातवारे करत होता. मी त्याच्या चाकाकडे बघितलं. चाक मंदावलं, आणखी मंदावलं, थांबलं. मी वळले.

गल्लीत, ताईंच्या दारासमोर येऊन गाडी बंद पडली. हे श्वास सोडत म्हणाले, "पहिल्या गिअरवर आणायला हवी होतीस."

ताई ओट्यावर बसल्या होत्या. हे डाव्या दारातून उतरले आणि मी उजव्या. ते बघून त्या सावकाश उठल्या.

"काय वं वहिनी, तू चालवली?"

"हव," मी म्हटलं.

"आन् ह्याले काय झालं?"

हे त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले, लहान मुलं निकाल घेऊन उभी राहतात तसे. "ताई, मला बाजूचं दिसत नाही. आता येणारही नाही. समोरचं दिसतं तेवढं टिकवायचं."

"मले माहीत आहे."

"कोणी सांगितलं? हिने?"

"तिनं काहून सांगावं? दोन वर्षांमागं हुकमाचं पान मी मांडीजवळ सरकवून ठेवलं. इतकं उघडं, का अंगणातल्या पोट्ट्यालेही दिसन. तुले दिसलं नाही. एकदा नाही, चारदा करून पाह्यलं. तवापासून मी लबाडी सोडली. आंधळ्याशी काय लबाडी करायची? पार मजा गेली खेळातली."

"मग बोलली काहून नाही?" हेही त्यांच्या बोलीवर घसरले.

"तू सांगशील म्हणून वाट पाह्यली. मंग तू येणंच सोडलं. मले वाटलं, मले समजलं हे तुले समजलं, म्हणून तोंड लपवून राह्यला." त्यांनी ह्यांच्या कपाळावरून, टेंगूळ होतं तिथून, हात फिरवला. "न्हाणीचं दार म्हणे. माह्या घराची न्हाणी मले माहीत नाही का? तिले दारच नाही, पडदा आहे."

दुपारी चटई पडली. ताईंनी नवा नियम काढला, सगळी पानं मधोमध, ह्यांच्या नाकासमोर ठेवायची. तिसऱ्या डावात त्यांनी ह्यांच्या नाकासमोरचं एक पान उचलून पदराखाली घातलं. हे ओरडले, "ताई! दिसतंय मला!" त्या इतक्या हसल्या, की पुढच्या खोलीतून शिक्षकांची बायको काय झालं ते बघायला आली. मी माझं पुस्तक उघडलं. पाऊण पान वाचून झालं असेल नसेल.

आता रविवार पुन्हा रविवारी येतो. सकाळची वीस मिनिटंही चालू आहेत. सध्या मागे घेणं शिकते आहे. रोज एकदा, मग घरी. मंडळाला शेवंतीची नवी कुंडी नेऊन दिली. त्या वेळी गाडी भिंतीकडे तोंड करून लावली आणि तिसऱ्या प्रयत्नात माझी मी काढली. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. चौकीदार होता, त्याने शिट्टी वाजवली.

मी पहिल्यांदा गाडी नेली त्या रविवारी चार वाजता निघालो तेव्हा ताई गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आल्या होत्या. रस्त्यावर आल्यावर मी दिवा लावला, चाकांकडे बघितलं आणि वाट बघत थांबले. समोरचा टिकटिकणारा हिरवा बाण ह्यांना दिसला.

"अगं, उजवा दिवा लावलायस," ते म्हणाले. "रायपूरला जायचं तर इथून डावीकडे वळायचं."